वरच्या वयोगटात कधी न्यावं? शिवाजी पार्कचा धडा

फुटबॉलच्या प्रशिक्षकांना एक प्रश्न नेहमी सोडवावा लागतो. बारा वर्षांचा मुलगा आपल्या गटातल्या सगळ्यांना सहज चकवत असेल, तर त्याला चौदाच्या गटात खेळवावं का? खाली ठेवला तर कंटाळेल, वर पाठवला तर थोराड मुलांच्या धक्क्यांनी खचेल. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी यासाठी जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून पाहिले. आपल्या मुंबईत मात्र हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसला तो क्रिकेटमध्ये, दादरच्या शिवाजी पार्कवर. म्हणून आज उदाहरण तिथलं घेऊ.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये दोन प्रसिद्ध पायऱ्या आहेत. 14 वर्षांखालच्यांसाठी गाइल्स शील्ड आणि 16 वर्षांखालच्यांसाठी हॅरिस शील्ड. पण याच शहरात 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीगही आहे. तिथे कसोटीपटू, नोकरदार आणि शाळकरी पोरं एकाच सामन्यात दिसू शकतात. म्हणजे शाळेत वयाची शिडी, तर क्लबात सगळ्यांना एकच मैदान. रमाकांत आचरेकर सरांनी दोन्हींचा उपयोग करून घेतला.

सचिन तेंडुलकर सरांकडे आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. वांद्र्याची शाळा सोडून तो दादरच्या शारदाश्रममध्ये आला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. क्लबकडून पहिल्या दोन सामन्यांत त्याने भोपळा काढला, तिसऱ्यात एक धाव. तरी सरांनी त्याला खेळवणं थांबवलं नाही.

आता पुढचा क्रम नीट बघा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. 1987 च्या नोव्हेंबरात, चौदाव्या वर्षी, तो मुंबईच्या रणजी संघात निवडला गेला. त्या मोसमात अंतिम अकरांत मात्र त्याला जागा मिळाली नाही. मग तो काय करत होता? शाळेकडून खेळत होता! फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात त्याने आणि विनोद कांबळीने 664 धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. त्यानंतर डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद शतक. आणि नोव्हेंबर 1989 मध्ये, सोळाव्या वर्षी, कराचीत कसोटी.

म्हणजे मुलगा वर गेला, पण खालची पायरी कुणी काढून घेतली नाही. मोठ्यांत बसून तो शिकला आणि बरोबरीच्यांत परत येऊन मनसोक्त खेळला. मोठ्यांत त्याला आपली मर्यादा कळत होती, सवंगड्यांत आपलं बळ. वाढत्या मुलाला दोन्ही लागतं.

फुटबॉलला हे जसंच्या तसं लागू होणार नाही, हे उघड आहे. तिथे अंगाला अंग भिडतं. फलंदाजाला चेंडू झेपला की निम्मं काम झालं. पण परतीची वाट उघडी ठेवा, हे तत्त्व दोन्हीकडे सारखंच.

न्यायाचा प्रश्न मात्र उरतोच. ॲरिस्टॉटल म्हणायचा, समानांना समान वागवावं. ठीक आहे, पण समान कशात? वयात, उंचीत, की कसबात? आणि ते कसब कुणाच्या नजरेला पडतं? सचिनला मैदानाजवळ राहायला घर मिळालं. विनोद कांजूरमार्गहून लोकलने यायचा. त्याची शेवटची कसोटी झाली तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता, सरासरी 54 च्या वर. आणि त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत बसला होता अमोल मुजुमदार. त्याने 1994 मध्ये रणजी पदार्पणात 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 2025 मध्ये भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता.

एकाला वर नेलं की आपण सगळे त्याच्याकडेच बघू लागतो. चांगला प्रशिक्षक त्याच वेळी बाकावर पॅड बांधून बसलेल्या मुलाकडेही बघतो. तुमच्या वस्तीतल्या मैदानावर मुलं निवडताना एवढं लक्षात ठेवा.