सालीतून गोळीत

दाण्याचं कूट करण्याआधी भाजलेले दाणे चोळायचे, पाखडायचे आणि लाल सालं टाकून द्यायची, हे आपल्या घराघरातलं काम. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या द्राक्षबियांच्या गोळ्यांची गोष्ट मात्र याच सालींपासून सुरू होते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये खाण्यापिण्याची टंचाई होती. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी पेंड गुरांना घालत. पण पेंडीतली लाल साल गुरांना बाधणार तर नाही? याचा शोध बोर्दोमधल्या जाक मास्कलिए या तरुण संशोधकाने घेतला. सालीत विष सापडलं नाही. सापडला एक रंगहीन पदार्थ. तो केशवाहिन्यांना बळकटी देतो, असं प्रयोगांत दिसलं. १९४८ साली त्याचा प्रबंध पुरा झाला आणि १९५० साली ‘रेझिविट’ नावाचं औषध बाजारात आलं.

पुढे त्याने हाच पदार्थ पाइन झाडाच्या सालीतून काढला आणि १९७० साली द्राक्षांच्या बियांतून. बोर्दो तर वाइनचं माहेरघर, तिथे चोथ्याला काय तोटा! शंभर किलो द्राक्षं गाळली की वीस-पंचवीस किलो चोथा उरतो. त्यातल्या बिया वेगळ्या करून वाळवायच्या, दळायच्या, अर्क उतरवायचा आणि त्याची भुकटी करायची.

आतापर्यंत हे औषध होतं रक्तवाहिन्यांसाठी. ‘अँटिऑक्सिडंट’चा शिक्का नंतर बसला. दिवाळीचा चिवडा उघडा राहिला की खवट होतो, कारण तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो. तो थोपवणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. शरीरही असंच झिजून म्हातारं होतं, अशी कल्पना डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडली. १९८७ साली मास्कलिए यांना अशाच गुणासाठी अमेरिकेत पेटंट मिळालं आणि चोथ्याला सोन्याचा भाव आला.

१९९४ साली मात्र दोन उलटसुलट गोष्टी घडल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. पूरक आहाराच्या गोळ्या विकण्याआधी त्यांचा उपयोग सरकारला सिद्ध करून दाखवण्याची गरज उरली नाही.

बीटा कॅरोटिन म्हणजे द्राक्षबियांचा अर्क नव्हे, हे खरं. पण परीक्षानळीत जे खवटपणा थोपवतं ते पोटात गेल्यावर तसंच वागेल, असं धरून चालता येत नाही, एवढं त्यातून कळलं. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्यांचं कौतुक जरूर करावं. मात्र रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर अशी बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पेंड गुरांपुढे टाकण्याआधी बोर्दोमध्ये जेवढी चौकशी झाली, तेवढी तरी आपण आपल्या आईवडिलांसाठी करायला हवी, नाही का?