पंच, पंचनामा आणि छातीवरचा कॅमेरा

गेल्या महिन्यात आमच्या चौकात एका वाहतूक पोलिसाने मला थांबवले. सिग्नल माझ्याकडूनच तुटला होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या छातीवर काडेपेटीएवढी काळी डबी होती आणि तिच्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. "आजोबा, रेकॉर्डिंग चालू आहे हं," तो म्हणाला. ही ताकीद होती की दिलासा, मला कळले नाही. बहुधा दोन्ही असावे. दंड भरला आणि घरी आलो.

ती डबी मात्र डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे नवी वस्तू दिसली की तिचा आजा-पणजा शोधायची खोड आहे. या डबीचा पणजोबा सापडला तो मद्रास इलाख्यात.

कंपनी सरकारचे अधिकारी रयतेचा छळ करतात अशी ओरड विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेली, तेव्हा १८५४ साली मद्रासेत चौकशी आयोग नेमला गेला. १८५५ साली त्याचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवण्यासाठी, दोन्हीसाठी छळ चालतो, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. बोटे चिमट्यात दाबण्याचे 'किट्टी' नावाचे लाकडी यंत्र होते, माणसाला वाकवून दोरीने तसाच बांधून ठेवण्याची रीत होती. सारा गोळा करणारा आणि चोर पकडणारा माणूस बहुधा एकच, मग दाद मागायची कुणाकडे?

आता गंमत पहा. १८६१ साली इंग्रजांनी पोलीस कायदा केला, आज दिसते ते पोलीस खाते त्यातून उभे राहिले. आणि त्याच साली त्याच सरकारने फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात लिहून ठेवले, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. एका हाताने काठी दिली आणि दुसऱ्या हाताने लिहिले, की या काठीवाल्याच्या शब्दावर विसंबू नका! १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच कलम २५ झाले. तो कायदा रचणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे आपल्या ग्रंथात या छळामागचे एक कारण नोंदवले आहे. ते क्रौर्य नव्हे, तर आळस. पुरावा हुडकण्याचे कष्ट नकोत म्हणून मारहाण. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, कलमांचे आकडे बदलले, पण हा अविश्वास तसाच उतरवून घेतलेला आहे.

मात्र याच कायद्यात एक खिडकी उघडी होती. कलम २७. आरोपीने सांगितले आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात धरता येते. म्हणजे वस्तू खरोखर त्याने दाखवली की नाही, यावर सगळे आले. ते पाहायला कोण? तर पंच. झडतीसाठी कायद्याने त्याच परिसरातले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी मागितले होते. रिकव्हरीच्या पंचनाम्यालाही असेच पंच बोलावतात. छातीवरच्या डबीचे काम तेव्हा या दोन माणसांकडे होते.

त्या दोघांपैकी एक मी होतो. हे आजवर फक्त घरात माहीत आहे.

१९८४ साल. मी तालुक्याच्या गावी शाळेत होतो. एका दुपारी पोलीस ठाण्यातून निरोप आला, दोन गुरुजी पाठवा. मी आणि एक सहकारी गेलो. टेबलावर गोणपाटात मोटारपंपाची केबल होती आणि शेजारी लिहून तयार असलेला पंचनामा. आरोपीने आम्हां पंचांसमक्ष घरामागच्या उकिरड्यातून केबल काढून दिली, असे त्यात होते. मी तो उकिरडा आजतागायत पाहिलेला नाही. भिंतीशी एक विशीतला मुलगा बसला होता. फौजदारांनी त्याला उठायला सांगितले, तर तो भिंतीला धरून उठला आणि पाऊल पूर्ण टेकेना. "गुरुजी, इथे आणि इथे," हवालदार म्हणाले. चहा आला. मी सह्या केल्या. अक्षर चांगले आहे म्हणून त्यांनी कौतुकही केले.

साक्षीला बोलावणे कधी आलेच नाही. त्या मुलाचे काय झाले, मी विचारले नाही. आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होतो त्या वर्षी.

असो. पुढचा इतिहास अलीकडचा आहे. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल डी. के. बसू यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून घेतले आणि डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी, नातलगाला कळवायला हवे... म्हणजे छातीवर आधी नाव आले, कॅमेरा मागाहून. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे बसवा आणि चित्रण १८ महिने ठेवा, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष तरी, असे सांगितले.

तुम्ही म्हणाल, झाले तर मग, प्रश्न मिटला. तर त्याच वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट ऐका. तमिळनाडूतले सातानकुलम, म्हणजे जुन्या मद्रास इलाख्यातलेच गाव. टाळेबंदीत दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून जयराज आणि बेनिक्स या बापलेकांना पोलिसांनी नेले. चार दिवसांत दोघेही गेले. त्या ठाण्यात कॅमेरे होते. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले, की हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा असूनही रोजचे चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था करून ठेवली होती. यंत्र पाहत होते आणि विसरत होते.

छातीवरच्या कॅमेऱ्यांचे अमेरिकेतले प्रयोगही असेच दोन्हीकडे बोलतात. कॅलिफोर्नियात रिआल्टो या गावी २०१२-१३ मध्ये बळाचा वापर आणि तक्रारी दोन्ही खूप घटल्या. २०१७ साली राजधानी वॉशिंग्टनच्या दोन हजारांवर पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लक्षणीय फरकच दिसला नाही. शिकागोत २०१४ साली सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसाने सोळा गोळ्या घातल्या, गाडीतल्या कॅमेऱ्याने ते टिपले, पण लोकांना दिसायला तेरा महिने आणि न्यायालयाचा हुकूम लागला. डबीत काय आहे यापेक्षा डबीची किल्ली कोणाकडे आहे, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

सातानकुलममध्ये जे पुसले गेले ते सांगितले एका महिला हेड कॉन्स्टेबलने. त्या रात्री ती ठाण्यात कामावर होती. काठ्यांवर आणि टेबलावर रक्त होते, असे तिने दंडाधिकाऱ्यांना सांगितले. जबाबावर सही करायला ती आधी घाबरली. बाहेर तिचेच सहकारी उभे होते. मग सुरक्षिततेची हमी मिळाल्यावर तिने सही केली. हे वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटले पोट बिघडले.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचे चित्रण करायला सांगितले आहे, मोबाईलवर केले तरी चालते, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. पंच सही करतात तेसुद्धा त्यात टिपायचे. १९८४ साली तसे असते तर केबल टेबलावर दिसली असती, चहाचे कप दिसले असते, आणि सह्या होईपर्यंत एकदाही भिंतीकडे न पाहणारा एक मास्तर.