डेरेक जार्मन

डेरेक जार्मन (३१ जानेवारी १९४२ – १९ फेब्रुवारी १९९४) : ब्रिटिश चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार व लेखक. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेऊन ते केन रसेल यांच्या ‘द डेव्हिल्स’ (१९७१) या चित्रपटाचे नेपथ्यकार झाले. पॉल हम्फ्रेस यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘सेबॅस्टियान’ (१९७६) हा त्यांचा पहिला कथापट. संवाद लॅटिन, आणि पुरुषांमधील प्रेमाचे चित्रण आडपडद्याविना! इंग्लंडमध्ये अशा संबंधांविषयीचा फौजदारी कायदा १९६७ मध्ये सैल झाला होता. समाजमनाचे तसे नव्हते. ‘कॅराव्हॅजिओ’ (१९८६) पैशांअभावी कित्येक वर्षे रखडला. अखेर जुनी इटली लंडनच्या एका गोदामात उभारण्यात आली. टिल्डा स्विंटन यांचे पदार्पण याच चित्रपटातले.

त्याच वर्षाच्या अखेरीस जार्मन यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. त्या काळी असे निदान म्हणजे बहिष्काराला निमंत्रणच. तरीही त्यांनी ते जाहीर केले. केंटच्या किनाऱ्यावर, डंजनेसच्या अणुवीज केंद्रानजीक त्यांनी खडेगोट्यांत बाग फुलवली आणि चित्रपटही काढत राहिले. दृष्टी मंदावल्यावर आलेल्या ‘ब्लू’मध्ये (१९९३) ७९ मिनिटे पडद्यावर केवळ निळा रंग आहे. रुग्णालय, औषधे, गमावलेले मित्र, हे सारे फक्त ऐकू येते. चॅनल फोरने तो दाखवला, त्याच वेळी बीबीसीच्या रेडिओ ३ने तो श्रोत्यांना ऐकवला.