स्वयंचलन आणि सावधानता
'आपोआप' या शब्दाची महती बऱ्हाणपूरकरांस सांगावयास नको. १६१५ च्या सुमारास येथील कुंडी भंडाऱ्याचे पाणी निव्वळ उताराच्या बळावर नगरात आले. परंतु कुंडीत उतरून गाळ उपसणारा माणूस त्या योजनेत गृहीतच होता.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे कोसळले. १४६ जणांपैकी ९२ मृत्युमुखी पडले. इंजिने मंद ठेवून उतरविणारी स्वयंचलित अवस्था कायम राहिली, वेग घटत गेला आणि वैमानिकांच्या ते वेळेवर ध्यानी आले नाही, असे चौकशीत आढळले. यंत्राने मिळालेली आज्ञा पाळली. ती आज्ञा प्रसंगास उचित आहे काय, हे पाहणे माणसाकडेच होते. पाणी आपोआप वाहते. गाळ मात्र आपोआप निघत नाही.