डबा आणि विस्तव : खानदेशच्या अंगणातील एक प्रकरण

इतिहास म्हटला म्हणजे सनदा, लढाया आणि वंशावळी यांचेच स्मरण व्हावे, ही आमच्या शिक्षणाने लावलेली सवय आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यास काढली आणि १९२६ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या नगरीत जुने कागद जतन करीत आले आहे. ज्या प्रांतात कागदाचा असा सांभाळ झाला, त्याच प्रांतातील एका बिनकागदी वस्तूचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहो. ही वस्तू कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. परंतु जळगाव-धुळ्याकडील किती तरी अंगणांत, खळ्यांत आणि शेताच्या बांधावर ती कधी ना कधी धुमसलेली आहे. रिकाम्या डब्याची केलेली चूल, ती ही वस्तू.

अलीकडे पाश्चात्य देशांत स्वयंपाकाच्या वायूच्या जुन्या टाक्या कापून बागेत लाकूड जाळण्यासाठी शेगड्या बनविण्याची हौस पुष्कळ पसरली आहे. टाकीचे पोलाद जाड असते, घाट गोल असतो, खाली दार व वर धुराडे बसविले की बरीच वर्षे टिकणारी शेगडी तयार होते. आमच्या खानदेशात जुन्या वस्तूंतून नवी वस्तू घडविणारे हात थोडे नाहीत. तरीही वायूच्या टाकीची चूल येथे सहसा आढळत नाही, डब्याची मात्र घरोघर झाली. असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर कारागिरीत नसून मालकीत आहे. इंधनाबरोबर घरात आलेले भांडे कोणाचे, या एका प्रश्नावर या चुलीचा सारा इतिहास उभा आहे.

डबा येण्यापूर्वीची स्थिती प्रथम पाहू. मातीची चूल ही घराची; बाहेर, शेतात किंवा प्रवासात, तीन दगडांची. खानदेशच्या विस्तवाला मात्र एक प्रांतविशेष होता, आणि तो कापसाने दिला. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असता तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानातील कापसाला विलक्षण भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला आणि कापसाचे पीक या प्रांताचे जीवन होऊन बसले. वेचणी संपली की शेतात उरतात त्या कपाशीच्या वाळलेल्या काड्या. त्यांच्या जोडीला तुरीच्या काड्या असतात. सातपुड्याचे जंगल सरकारी बंदोबस्तात गेल्यावर सपाटीवरील शेतकऱ्याला हे काड्यांचे इंधन अधिकच जवळचे झाले.

या इंधनाचा स्वभाव लाकडाहून निराळा आहे. काडी चटकन पेटते, उंच ज्वाळा देते आणि तितक्याच लवकर विझते. तिला सारखे पुढे सारीत राहावे लागते. धूर आणि ठिणग्या पुष्कळ उडतात. म्हणून तिचे खरे स्थान उघड्यावर. खानदेशच्या दोन विख्यात पदार्थांनी हे ओळखले आहे. हिवाळ्यात शेतावर मोठमोठी फिक्या हिरव्या रंगाची वांगी काड्यांच्या जाळात भाजून भरीत करतात; जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरा पदार्थ मांडे. पालथ्या खापराखाली चौफेर जाळ लागला पाहिजे, तरच पातळ मांडा त्यावर क्षणात भाजून निघतो. अशा वेळी घरातली चूल अपुरी पडते आणि विस्तव अंगणात येतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना संसाराचे मर्म सांगताना चूल आणि तवा हीच उपमा सुचावी, यात नवल नाही.

अशा या प्रांतात पत्र्याचा डबा आला तो घासलेटाबरोबर. ‘गॅसलाइट’ या इंग्रजी शब्दाचे ‘घासलेट’ झाले आणि ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’. वस्तू परकी खरी, पण नावे आम्ही तत्काळ घरची करून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरून, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून, गलबतांनी आशियाच्या बंदरांत उतरू लागले. एका डब्यात सुमारे चार इंग्रजी गॅलन, म्हणजे अठरा लिटर, तेल मावे. डबा साधारण नऊ-साडेनऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच असे.

याच काळात लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांच्यावर एक मौजेचा प्रसंग ओढवला. बाकूच्या खाणींतले रशियन तेल डब्यांत न भरता टाकीच्या जहाजातून पूर्वेकडे पाठविण्याची योजना त्यांनी केली आणि १८९२ च्या ऑगस्टात ‘म्युरेक्स’ हे त्यांचे जहाज सुवेझच्या कालव्यातून पार झाले. तेल स्वस्तात येईल आणि गिऱ्हाईक आपला जुना डबा घेऊन दुकानी येईल, असा हिशेब होता. परंतु गिऱ्हाईक डबा आणीना! कारण अमेरिकन कंपनीचे ते निळे डबे केव्हाच छपरांचे पत्रे, पिंजरे, चहाच्या गाळण्या आणि शेगड्या होऊन बसले होते. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. शेवटी सॅम्युएल यांना पत्रा पाठवून तिकडेच डबे बनवावे लागले. ते त्यांनी तांबड्या रंगाचे केले. ज्या व्यापाऱ्याने तेलाच्या भविष्याचा वेध घेतला, त्याला रिकाम्या डब्याचे मोल कळले नव्हते. ते आशियातल्या गृहिणींना पक्के कळले होते. योगायोग असा की, रॉकेल जाळणारा स्वीडनचा प्रायमस स्टोव्हही १८९२ सालचाच.

लोहमार्गाच्या कडेने हे डबे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव येथे उतरले; चाळीसगावहून धुळ्याचा फाटा १९०० साली सुरू झाल्यावर पश्चिम खानदेशचीही वाट सुकर झाली. तेल दिव्यात जळे आणि डबा घरात उरे. पाणी भरणे, धान्य साठवणे, गळका डबा कापून छपराला लावणे, अशा त्याच्या अनेक योनी होत्या. चूल ही त्याची बहुधा शेवटची.

ही चूल करण्याची रीत वरवर सोपी दिसते. डब्याच्या एका बाजूला खाली चौकोनी खिडकी कापावयाची, वरचा पत्रा काढून काठ आत वळवावयाचा, मध्ये लोखंडी सळयांची जाळी बसवावयाची. पण एवढ्यावर थांबले तर चूल फार दिवस टिकत नाही. डब्याच्या पातळ लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो आणि कथिल २३२ अंश सेंटिग्रेडलाच वितळते. मुलामा गेला की उघड्या लोखंडाला गंज धरतो आणि तांबडा झालेला पत्रा लवकरच झडतो. यावर अंगणातील शहाणपणाने तोड काढली : आतून माती, शेण आणि भुसा यांचे जाड लिंपण. डबा हा केवळ साचा, खरी चूल मातीचीच. लिंपणामुळे पत्रा वाचतो, उष्णता आत कोंडून राहते. आणि पत्र्यामुळे माती फुटत नाही व चूल उचलून ओट्यावरून खळ्यात नेता येते. जुनी चूल घराला बांधलेली होती. डब्याने तिला पाय दिले.

याच डब्याची आणखी एक चूल म्हणजे भुश्याची शेगडी. तिला जाळी नसते. डब्याच्या मध्यभागी एक बाटली उभी धरावयाची, खालच्या भोकातून एक दांडके आत सारावयाचे, आणि भोवती लाकडाचा भुसा घट्ट दाबून भरावयाचा. बाटली व दांडके अलगद काढले की आत एक पोकळ वाट राहते. खालून काडी लावली म्हणजे भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो आणि बराच वेळ सारखी आच देतो. सारणे नाही, फुंकणे नाही. ज्याला कोणी इंधन मानीत नव्हते, त्या कचऱ्यावर डाळ शिजली.

दुसऱ्या महायुद्धाने या चुलीला मोठी परीक्षा द्यावयास लावली. हिंदुस्थानाला रॉकेल पुरविणाऱ्या ब्रह्मदेशातील येनांजाऊंच्या तेलविहिरी, जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून, एप्रिल १९४२ मध्ये इंग्रजांनीच उद्ध्वस्त केल्या. रॉकेलावर नियंत्रण आले. स्टोव्ह मुका झाला. आणि ज्या डब्यातून रॉकेल आले होते, त्याच डब्यात पुन्हा काड्या पेटल्या. युद्ध संपले त्या वर्षाच्या अखेरीस, १९४५ च्या डिसेंबरात, अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीची स्थापना झाली. तीच पुढे ‘विप्रो’ या नावाने जगभर गाजली. वनस्पती तूप आणि गोडे तेल यांनी पत्र्याच्या डब्यांचा नवा ओघ सुरू केला. रॉकेलाचा डबा मागे पडला, तेला-तुपाचा पुढे आला. अंगणातील चुलीला दोन्ही सारखेच.

मुंबई-आग्रा रस्त्यावरील धुळ्यास आणखी एक भांडे लाभले, ते म्हणजे पिंप. लोखंडी पिंपाला आतून मातीचे लिंपण दिले की ढाब्यावरची तंदूरभट्टी होते. तेथेही न्याय तोच : पोलादाचे कवच आणि मातीचे पोट.

येथवर आम्ही या चुलीचे गुण गाइले. तिचे दोष झाकणे हा इतिहासाशी द्रोह होईल. डब्याच्या चुलीला धुराडे नसते. अंगणात तिचा धूर वाऱ्यावर जातो. पण पाऊस आला, जागा तोकडी पडली की तीच चूल छपराखाली येते आणि धूर बायकामुलांच्या डोळ्यांत व छातीत शिरतो. उपाय अज्ञात नव्हता. आमच्याकडील तांब्याचा बंब पाहा : मध्ये उभी नळी, खाली जाळी व राखेची जागा, वर धूर ओढून घेणारे तोंड, थोड्या सरपणात कढत पाणी. उभ्या नळीने हवा ओढली जाते, हे तत्त्व तांबट जाणत होता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धुराड्याची ‘मगन चूल’ सिद्ध केली. १९८३ साली भारत सरकारने सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. त्याच दशकात अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी ‘रॉकेट’ चूल पुढे आणली. तिचे एक साधे रूप असे : मोठा पत्र्याचा डबा, त्यात लहान डब्यांची काटकोनात वळलेली नळी, आणि मधल्या पोकळीत भरलेली राख. राख उष्णता कोंडते, नळी हवा ओढते, आणि धूर होण्यापूर्वीच जळून जातो. म्हणजे साहित्य तेच, जे खानदेशच्या प्रत्येक अंगणात पडून होते : डबा, राख आणि काडी. उणीव होती ती त्या वस्तूंकडे चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांनी पाहण्याची.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. स्वयंपाकाचा वायू हिंदुस्थानात १९५० नंतरच्या दशकात बर्मा-शेल कंपनीने मुंबईत आणला. १९७६ साली या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. घरगुती टाकीत आज १४.२ किलो वायू असतो. परंतु ग्राहक विकत घेतो तो वायू. टाकी कंपनीचीच, ग्राहकाकडे ती अनामत रकमेवर ठेवलेली. निकामी ठरलेली टाकी चेपून किंवा तिचे तुकडे करून नष्ट करावी, असे २०१६ चे गॅस सिलिंडर नियम सांगतात. हे योग्यही आहे. रिकाम्या भासणाऱ्या टाकीत उरलेला वायू कापताना भडकला तर कापणाऱ्याचा जीव जातो. अमेरिकेत लहान टाकी ग्राहकाच्याच मालकीची असू शकते, म्हणून तिकडे तिची शेगडी होते. आमच्याकडे वायू संपला की भांडे परत जाते. अंगणात काहीच उरत नाही.

आणि म्हणूनच इंधनाच्या या नव्या युगाची कसोटी जुन्याहून निराळी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत टाकी पोहोचविली, हे मोठे कार्य झाले. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर रांधणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच आढळली. पुढची टाकी भरण्यास पैसे नसले की गृहिणी काड्यांकडे वळते. रॉकेलाने तिला निदान डबा तरी दिला होता. वायू मागे काही ठेवीत नाही. त्यातच तेल प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून व कॅनांतून येऊ लागले; त्यांत काही विस्तव पेटविता येत नाही.

नवे इंधन आले म्हणजे जुने गेले, असे पुस्तकांत वाचावयास मिळते. खानदेशचे अंगण मात्र वेगळी साक्ष देते : येथे नव्या इंधनाच्या रिकाम्या भांड्यात जुना विस्तव नांदत आला. भरिताच्या आणि मांड्यांच्या दिवशी तो अंगणात हौसेने पेटावा, आणि तो पेटत राहील. परंतु तो घरात नाइलाजाने पेटू नये. हौस आणि नाइलाज यांतले अंतर नाहीसे करणे हे आता चुलीच्या कारागिराचे काम राहिलेले नाही. ते समाजाचे आहे.