कॅसेटी आणि बोहारीण

जुने देऊन नवे घेण्याची विद्या अमेरिकेने शोधली, असे माझा पुतण्या म्हणतो. तो न्यू जर्सीत राहतो, तेव्हा त्याने असे म्हणणे भागच आहे. पण आमच्या रेवसला ही विद्या माझ्या लहानपणीच डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दारोदार हिंडत असे. तिला बोहारीण म्हणत.

एकदा दोन बोहारणी एकाच वेळी अंगणात आल्या. पहिलीने दोन साड्या आणि वडिलांच्या पँटीवर (जी ते अजून वापरत होते) एक पातेले देऊ केले. दुसरीने वर वाटी टाकली. स्पर्धेत गिऱ्हाइकाचा फायदा होतो, हे अर्थशास्त्र मला तेव्हा कळले. मग दोघी फाटकापाशी जाऊन कुजबुजल्या. परत आल्या तेव्हा वाटी गायब झाली होती. हे पुढचे अर्थशास्त्र.

१९९४ साली आमच्या बंड्याला व्हिडिओ गेमने झपाटले. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडोचे, १९८३ सालचे. आमच्याकडे आली ती त्याची स्वस्त नक्कल. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. वैद्यकशास्त्र एवढेच. बंड्याला जुनी कॅसेट देऊन '९९९९ खेळ' असे लिहिलेली हवी होती. म्हणून आम्ही लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला.

दोन दुकाने समोरासमोर होती.

"साठ रुपये," पहिला म्हणाला.

"अहो, अडीचशेला घेतलीय!"

"काका, लेबल बघा, फाटलंय."

समोरचा म्हणाला, "त्याने साठ सांगितले ना? मी सत्तर देतो." मी विजयी मुद्रेने सौदा केला. नव्या कॅसेटीचा भाव त्याच्याकडे वीस रुपयांनी जास्त होता, हे लाँचमध्ये बसल्यावर लक्षात आले.

असे लढे सातासमुद्रापारही झाले. १९८८ साली मिनेसोटात फंकोलँड हे जुन्या खेळांचे दुकान निघाले. ते आपली भावयादी वर्तमानपत्रासारखी छापून वाटीत असे. २००० साली ते विकत घ्यायला इलेक्ट्रॉनिक्स बुटीक ही कंपनी निघाली, तोच बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांनी बोली चढवून सुमारे १६ कोटी डॉलरना ते उचलले. त्यातून गेमस्टॉप उभी राहिली. २००५ साली याच गेमस्टॉपने इलेक्ट्रॉनिक्स बुटीकलाही सुमारे १४४ कोटी डॉलरना पोटात घातले. म्हणजे फाटकापाशी कुजबुज झालीच! एके काळी या कंपनीला नव्या खेळात शंभराला वीसेक डॉलर सुटत, जुन्यात पंचेचाळिसाच्या वर. जपानात खेळ बनवणारेच चिडून कोर्टात गेले, पण २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुने खेळ विकायला मुभा दिली.

आमच्या ९९९९ खेळांपैकी पाचवा खेळ पहिल्यासारखाच निघाला. नववाही. बंड्या काही बोलला नाही, आणि तेच वाईट. रडला असता तर मी ओरडलो तरी असतो. तिसऱ्या दिवशी जेवताना भाताशी खेळत तो एवढेच म्हणाला, "त्या कॅसेटवर माझं नाव होतं."

"जा, आणून द्या," हिने फर्मावले.

पुन्हा लाँच, पुन्हा लॅमिंग्टन रोड. कॅसेट काचेच्या कपाटात दिमाखात बसली होती. बॉलपेनने लिहिलेले 'बंड्या, रेवस' कोणी खोडलेही नव्हते.

"एकशेऐंशी," दुकानदार म्हणाला.

"अहो, हे माझ्या मुलाचं नाव आहे!"

"म्हणून तर अजून विकली गेली नाही, काका. दीडशे द्या."

मी दीडशे दिले. समोरचा दुकानदार पायरीवर उभा राहून ओरडला, "माझ्याकडे एकशेचाळीसला होती!"

आता बंड्या चाळिशीला आला आहे. त्याचे सारे खेळ इंटरनेटवरून उतरवलेले, हजारो रुपयांचे, आणि त्यातला एकही विकता किंवा बदलून घेता येत नाही. परवा तो माळ्यावर चढला आणि तासभर खाली उतरला नाही. वरून नुसता फुंकर मारल्याचा आवाज येत होता.