इटलीच्या तीन राजधान्या

इटलीचा पहिला प्रवास योजावयास बसलें कीं, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स अशी नांवांची माळ प्रथम ओंवली जाते आणि मग ती आठ-दहा दिवसांत कशी बसवावी ही विवंचना सुरू होते. परंतु हिंवाळ्यांत, आगगाडीनें आणि सावकाश जावयाचें असेल, तर शहरांची निवड इतिहासावर सोंपवावी हें बरें. एकीकरणानंतर इटलीनें दहा वर्षांत तीन राजधान्या केल्या: १८६१ सालीं ट्यूरिन, १८६५ सालीं फ्लॉरेन्स व १८७१ सालीं रोम. याच क्रमानें गेल्यास देश कसा घडला हें वाटेंतच उमगतें.

त्या देशांत राष्ट्राच्या आधीं आगगाडी आली. नेपल्सपासून पोर्तिचीपर्यंतची सुमारें साडेसात किलोमीटरांची पहिली वाट ३ ऑक्टोबर १८३९ रोजीं खुली झाली. आपली मुंबई-ठाणें गाडी त्यानंतर साडेतेरा वर्षांनीं धांवली. पण तेव्हां इटली अनेक राज्यांत विभागलेली होती. पोप सोळावा ग्रेगरी यानें तर आपल्या राज्यांत आगगाडी येऊंच दिली नाहीं. उलट पीडमॉण्टच्या काव्हूरनें १८४६ सालींच एका निबंधांत प्रतिपादन केलें होतें कीं, आगगाडीपासून व्यापाराला होईल त्याहून मोठा लाभ इटालियनांच्या मनोमीलनाला होईल.

म्हणून आरंभ ट्यूरिनला करावा व तेथें तीन दिवस तरी राहावें. हिंवाळ्यांत तेथें धुकें असतें, परंतु मैलोगणती छपरी कमानींखालून पायीं हिंडतां येतें. आकाश निवळलें कीं बर्फाच्छादित आल्प्स रस्त्याच्या टोंकाशींच उभे असल्यासारखे दिसतात. कारिन्यानो राजवाड्यांत पहिली इटालियन लोकसभा भरली. १८६४ च्या सप्टेंबरांत राजधानी हलविण्याचा करार उघड होतांच या शहरांत दंगे उसळले आणि सैन्याच्या गोळीबारांत पन्नासांहून अधिक लोक मेले. ऐक्याची किंमत ज्या शहरानें प्रथम दिली, त्यालाच ती दुसऱ्यांदा द्यावी लागली.

पुढें बोलोन्याहून आपेनाइन पर्वत ओलांडावा लागतो. पोर्रेत्ताची वळणावळणाची चढणीची वाट १८६४ सालचीच. १९३४ सालीं साडेअठरा किलोमीटरांच्या बोगद्याची दुसरी वाट झाली, आणि २००९ सालीं अतिजलद गाड्यांची तिसरी, जी बहुतेक सारी भूगर्भांतूनच जाते. तिनें गेलें तर चाळीस मिनिटांच्या आंत फ्लॉरेन्स येतें, पण मध्यें डोंगर होता याची दादही लागत नाहीं. निवांत प्रवाशानें चौकशी करून जुन्या वाटेनें जावें. दिवस लहान असल्यानें एका दिवशीं एकच मजल करावी, व तीही उजेडीं. सरकारी संग्रहालयें बहुधा सोमवारीं बंद असतात. तो दिवस गाडीसाठीं राखावा.

फ्लॉरेन्सच्या वेक्किओ राजवाड्यांतील पांचशेंच्या दालनांत लोकसभा भरे. राजधानीला साजेसे रुंद रस्ते हवेत म्हणून जुना तट पाडण्यांत आला. राजधानी रोमला गेली, कर्ज मात्र मागें राहिलें, आणि १८७८ सालीं नगरपालिकेचें दिवाळें निघालें.

येथून तासाभराच्या वाटेवर पिसा आहे. कलता मनोरा पाहावाच. परंतु मराठी वाचकाला तेथें आणखी एक ओढ आहे. सावरकरांनीं ज्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला व जो १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, तो मॅझिनी १८७२ च्या मार्चांत याच गांवीं वारला. देश एक झाला होता, पण तो राजाच्या नांवानें. प्रजासत्ताकाचा हा पुरस्कर्ता ज्या देशासाठीं आयुष्यभर झटला, त्याच देशांत परक्या नांवानें राहत होता.

मग रोम. २० सप्टेंबर १८७० रोजीं पोर्ता पिया या वेशीजवळचा तट तोफांनीं फोडून सैन्य आंत शिरलें. प्रजासत्ताक यावयास मात्र १९४६ साल उजाडावें लागलें.

आज ट्यूरिनहून रोमला चार-साडेचार तासांत पोंचतां येतें; तोच मार्ग इटलीला दहा वर्षें पुरला. निदान तीन आठवडे त्याला द्यावेत, इतकें मागणें अधिक नव्हे.